विवाल्डी का वापरते, आणि मोठ्या ब्राउझरकडे परत का गेले नाही

रानवाट

सहा वर्षं झाली, माझ्या कॉम्प्युटरवर रोज उघडतो तो ब्राउझर विवाल्डी आहे. ज्याला सांगावं तो आधी विचारतो, "हे काय असतं?" आणि पाठोपाठ, "क्रोममध्ये काय कमी आहे?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा धागा.

माझं काम संदर्भ शोधण्याचं आणि मजकूर तपासण्याचं. एका वेळी चाळीस-पन्नास पानं उघडी असतात आणि त्यातलं एकही बंद करून चालत नाही. आडव्या पट्टीत एवढे टॅब लावले की नावं दिसेनाशी होतात, उरतात नुसती चिन्हं. विवाल्डीत मी पट्टी डाव्या कडेला उभी लावली आहे. एक टॅब दुसऱ्यावर ओढून सोडला की दोघांचा गठ्ठा होतो, आणि गठ्ठ्यातली पानं एकाच खिडकीत शेजारी-शेजारी मांडता येतात. मूळ मजकूर डावीकडे, तपासायचा उजवीकडे. दिवसाचे चार-पाच तास मी या मांडणीत असते.

दुसरी गोष्ट टिपणांची. पानावरचा उतारा निवडून राइट क्लिक केलं की त्याचं टिपण होतं आणि तो कुठून घेतला तो पत्ता आपोआप सोबत राहतो. "हे वाक्य मी कुठे वाचलं होतं" या शोधात माझे पूर्वी किती तास गेले असतील, त्याची गणतीच नाही.

याआधी मी एक मोठा ब्राउझर वापरत होते. एका अपडेटनंतर मी लावून ठेवलेली एक पट्टी नाहीशी झाली. सेटिंगमध्ये शोधली, तिथेही ती सोय उरली नव्हती. मदतीच्या पानावर लिहिलं होतं की ती फार थोडे लोक वापरत होते. त्या थोड्यांत मी होते. आपली कामाची पद्धत कोणीतरी मोजून काढून टाकावी, हे मला लागलं. तेव्हापासून मी असा ब्राउझर शोधत होते जिथे थोड्यांच्या सवयींनाही जागा असेल.

विवाल्डी काढला तो ऑपेराचे सहसंस्थापक यॉन फॉन टेट्झनर यांनी. पहिली चाचणी आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आली, १.० एप्रिल २०१६ मध्ये. तुम्ही कोणता वापरता? आणि का, तेही सांगा.

जुनाजाणता

ऑपेराचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आज ज्या सोयी सगळ्यांना जन्मजात वाटतात त्यातल्या बऱ्याच आधी तिथे होत्या. माउसच्या इशाऱ्यांनी मागे-पुढे जाणं २००१ मध्ये, ब्राउझरच्या पोटातच मेल, नव्या टॅबवर आवडत्या साइटच्या चौकटी २००७ मध्ये. पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारं इंजिनही स्वतःचं होतं, प्रेस्टो नावाचं. २०१३ मध्ये त्यांनी प्रेस्टो सोडलं आणि क्रोमियमवर आले, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या गूगलच्या खुल्या कोडावर. त्या वर्षीच्या पंधराव्या आवृत्तीत तर सुरुवातीला बुकमार्कसुद्धा नव्हते. पुढच्या वर्षी त्यांचं वापरकर्त्यांचं व्यासपीठ बंद झालं. विवाल्डीचा उगम तिथला आहे. जुन्या ऑपेरावर जीव असलेल्यांना पुन्हा एकत्र बसायला घर हवं होतं.

मीही विवाल्डीच. मेलसाठी, आणि इतिहास कॅलेंडरसारखा तारखेने उघडता येतो त्यासाठी. गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी काय वाचलं ते मला नेहमी लागतं.

उंबरठा

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून मतभेदही मनापासून मांडतो.

उभे टॅब मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२१ पासून आहेत, फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये आले. म्हणजे ते आता वेगळेपण राहिलं नाही. माझा खरा आक्षेप सुरक्षेचा आहे. क्रोमियमचा कोड खुला आहे. त्यात एखादं भगदाड बुजवलं की ती दुरुस्ती सगळ्या जगाला वाचता येते, हल्ला करणाऱ्यालाही. दुरुस्ती वाचून मूळ भोक कुठे होतं ते शोधता येतं. मोठा ब्राउझर ती दुरुस्ती लगेच सगळ्यांकडे पोचवतो. छोट्या चमूला ती आपल्या कोडात बसवावी लागते, तपासावी लागते, मग पाठवावी लागते. मधले जे दिवस जातात त्या दिवसांत तुमचं दार उघडं असतं, आणि चोराला ते कुठलं दार आहे हे ठाऊक असतं.

आणि हे झालं ज्यांच्याकडे पगारी माणसं आहेत त्यांचं. एकदोघे फावल्या वेळात चालवतात त्या ब्राउझरमध्ये बँकेचं काम करू नका, एवढी कळकळीची विनंती.

रानवाट

@उंबरठा, आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मी स्वतःपुरतं असं ठरवलं आहे: कोणताही ब्राउझर निवडण्याआधी त्याची अपडेटची यादी उघडायची आणि क्रोमियमच्या किंवा फायरफॉक्सच्या सुरक्षा अपडेटच्या तारखांशी ताडून पाहायची. फरक एक-दोन दिवसांचा असेल तर मला चालतो. आठवडे जात असतील तर तो ब्राउझर कितीही देखणा असो, मी घेत नाही. विवाल्डीच्या बाबतीत मी हे अधूनमधून करते आणि अजून सोडावंसं वाटलेलं नाही. क्रोमियमने २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली, त्यामुळे ताडून पाहायला भरपूर तारखा मिळतात.

पायवाट

+१. तारखा ताडून पाहायचं मला सुचलंच नव्हतं. आजच करते.

दिवाकंदील

मी वेबसाइट बनवतो, त्यामुळे ही चर्चा मला दुसऱ्या बाजूने दिसते.

तुमचा ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःची ओळख सांगतो. त्या ओळीला युजर एजंट म्हणतात. क्रोमची ओळ वाचून पाहा. तिची सुरुवात मोझिला या शब्दाने होते, पुढे ॲपलवेबकिट, मग "केएचटीएमएल, गेकोसारखं", मग क्रोम आणि शेवटी सफारी. एका ब्राउझरच्या ओळखीत पाच दुसरी नावं! हे कसं झालं ते सांगण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केपला, ज्याचं आतलं नाव मोझिला, एका पानात अनेक चौकटी दाखवता येऊ लागल्या. साइटवाल्यांनी मोझिला नाव दिसेल त्यालाच चौकटींचं पान द्यायला सुरुवात केली. इंटरनेट एक्सप्लोररलाही चौकटी जमायला लागल्या, पण त्याला ते पान कोणी देईना, म्हणून त्याने स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. पुढे गेको इंजिन आलं आणि चांगली पानं गेकोला मिळू लागली. मग लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पाच्या कॉन्करर ब्राउझरने "गेकोसारखं" असं जोडलं. ॲपलने कॉन्कररच्या केएचटीएमएल इंजिनावरून वेबकिट बनवलं, त्यांनी ती ओळ पुढे नेली. २००८ मध्ये क्रोम वेबकिटवर आला, त्याने सफारीचंही नाव घेतलं. प्रत्येक नवख्याला आत येण्यासाठी आधीच्याचं नाव सांगावं लागलं.

विवाल्डीवरही हीच वेळ आली. डिसेंबर २०१९ च्या २.१० आवृत्तीपासून तो बहुतेक साइटना आपलं नाव सांगतच नाही, क्रोम म्हणूनच जातो, कारण नाव पाहून साइट त्याला अडवत होत्या. तांत्रिक अडचण काही नव्हती. आतलं इंजिन तेच, पण दारावरच्या यादीत नाव नाही. याचा परिणाम असा की वापराच्या आकडेवारीतही त्याची गणती क्रोममध्येच होते. @रानवाट, तुमच्यासारखे किती जण आहेत हे बाहेरून कोणाला मोजताच येत नाही.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना माझं सांगणं आहे: ब्राउझरचं नाव विचारू नका. हवी ती सोय त्यात आहे का, एवढंच तपासा. ते सोपं आहे आणि कोणी विनाकारण अडत नाही.

किनारा

मला एका ऑनलाइन अर्जावर "तुमचा ब्राउझर चालणार नाही" असं आलं होतं. ओळख बदलणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून क्रोम असल्याचं सांगितलं, तर अख्खा अर्ज एकही चूक न येता भरून झाला.

गवताचंपातं

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अजून कोणी काढला नाही म्हणून काढतो. विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा, एज ही नावं चार, पण इंजिन एकच, ब्लिंक. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियमवरचा एज आणला. आज मोठी इंजिनं तीनच उरली आहेत: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट, आणि फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिला संस्थेचं गेको. ब्लिंकसुद्धा २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेलं.

इंजिन एकाच्या हाती गेलं की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. तेव्हा बहुसंख्य लोक तोच वापरत होते. पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधल्या पाच वर्षांत साइट त्याच्या चुका धरून बांधल्या गेल्या. त्या चुकांनाच लोक नियम समजू लागले. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली.

आता एक्स्टेन्शनचं पाहा. क्रोमने मॅनिफेस्टची, म्हणजे एक्स्टेन्शनना काय करता येईल ते ठरवणाऱ्या नियमांची, तिसरी आवृत्ती आणली. आधी प्रत्येक विनंतीच्या वेळी जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन "ही जाऊ दे, ही नको" असं जागच्या जागी ठरवू शकत होतं. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन मूळ रूपात क्रोममध्ये चालत नाही ते यामुळे. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली. विवाल्डी आणि ब्रेव्ह यांनी अडवणूक ब्राउझरच्या आतच बांधली आहे हे मान्य, पण इंजिनाची दिशा ते ठरवत नाहीत. वरच्या मजल्यावर तुम्ही कसंही सामान मांडा, पाया दुसऱ्याचा आहे.

म्हणून मी फायरफॉक्स आणि त्याच्या कोडावरचा लिब्रेवूल्फ वापरतो. कमी माहितीचा ब्राउझर निवडायचाच तर इंजिन वेगळं असलेला निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा

@गवताचंपातं, पण मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलच्या शोधयंत्राच्या करारातूनच येतं ना? अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली तेव्हा मोठी काळजी मोझिलाचीच होती. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही म्हणून निभावलं. तुमचा पायाही तितका स्वतंत्र नाही.

गवताचंपातं

पैशाच्या बाबतीत बरोबर आहे तुमचं आणि ते मलाही खुपतं. पण कोड स्वतंत्र आहे. एखादं नवं तंत्र वेबसाठी घातक वाटलं तर "आम्ही हे आणणार नाही" असं म्हणणारं दुसरं इंजिन असणं याला मी फार किंमत देतो. नव्यांकडेही लक्ष ठेवा. लेडीबर्ड हा ब्राउझर कोणाचंही इंजिन न घेता पहिल्या ओळीपासून लिहिला जातोय. २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था निघाली आणि पहिली अल्फा आवृत्ती २०२६ मध्ये द्यायचं त्यांनी ठरवलं. सर्वो हे मोझिलात २०१२ मध्ये सुरू झालेलं रस्ट भाषेतलं इंजिन २०२० पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

कळफलक

माझं उत्तर इथल्या सगळ्यांपेक्षा वेगळं असेल. क्यूटब्राउझर. पट्ट्या नाहीत, बटणं नाहीत, माउसला हात लावावा लागत नाही. नुसत्या कळांवर चालणारा विम हा मजकूर-संपादक वापरणाऱ्याला त्याच्या कळा आधीच येतात. "एफ" दाबलं की पानावरच्या प्रत्येक दुव्यावर दोन अक्षरं उमटतात, ती टाइप केली की दुवा उघडतो. "जे" आणि "के" ने खाली-वर. सगळी सेटिंग एका फाइलमध्ये राहतात. नव्या मशीनवर ती फाइल ठेवली की ब्राउझर जसाच्या तसा.

मनगट दुखायला लागलं तेव्हा मी याच्याकडे वळलो. माउस सुटला आणि दुखणं खूप कमी झालं. लोकप्रिय ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकून असंच करता येतं, पण ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर ते एक्स्टेन्शन चालत नाही, तिथे हात पुन्हा माउसकडे जातो. माझ्यासाठी तो फरक दुखण्याचा होता.

यातलंही इंजिन क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या साधनसंचामार्गे आलेलं क्रोमियमच आहे, @गवताचंपातं. उंबरठा यांचा सुरक्षेचा मुद्दा इथे जास्तच लागू होतो. म्हणून पैशाचे व्यवहार मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये करतो.

झुळूक

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी नजर अधू आहे. पान मोठं केलं की बऱ्याच साइट मोडतात, मजकूर कडेबाहेर जातो. राखाडी अक्षरं पांढऱ्यावर, ती मला दिसतच नाहीत. मला साइटची सजावट नको आहे. माझा टाइप, माझा आकार, गडद पार्श्वभूमी, सगळ्या साइटना एकदाच लागू. जोडाक्षरं नीट सुटी दिसतील असा देवनागरी टाइप मी निवडून ठेवला आहे, तो सगळीकडे हवा. कुठल्या ब्राउझरमध्ये हे होईल?

दिवाकंदील

@झुळूक, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण वेबची मूळ कल्पना हीच होती. पानाचे टाइप, रंग, मांडणी सांगणाऱ्या सीएसएस भाषेचा पहिला आराखडा १९९६ चा. त्यात पानाच्या लेखकासारखीच वाचकालाही स्वतःची शैलीपत्रिका (असे नियम लिहिलेली फाइल) असेल असं धरलेलं आहे. दोघांत वाद झाला तर काय? पहिल्या आराखड्यात "हे महत्त्वाचं" असं दोघांनीही लिहिलं तर लेखकाचा शब्द चालत होता. १९९८ च्या दुसऱ्या आराखड्यात हे उलटवलं. वाचकाने "महत्त्वाचं" म्हटलं की वाचकाचा शब्द अखेरचा. मोठी अक्षरं किंवा वेगळे रंग लागणाऱ्या वाचकांसाठीच हा बदल केला होता. तो नियम आजही आहे. पण वाचकाने आपली पत्रिका ठेवायची कुठे, ती जागाच क्रोममधून काढून टाकली गेली.

फायरफॉक्समध्ये ती आहे. पत्त्याच्या जागी about:config टाइप केलं की उघडणाऱ्या पानावर "लेगसी युजर प्रोफाइल कस्टमायझेशन" शोधा, त्यातलं "स्टाइलशीट्स" हे सेटिंग चालू करा. मग प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये क्रोम नावाचं फोल्डर बनवा (नाव तसंच लागतं, त्या ब्राउझरशी संबंध नाही) आणि त्यात userContent.css नावाची फाइल ठेवा. नुसता टाइप आणि रंग बदलायचे असतील तर फाइलचीही गरज नाही. सेटिंगमध्ये टाइपच्या भागात "पानांना स्वतःचे टाइप वापरू द्या" ही खूण काढा, आणि रंगांच्या भागात तुमचे रंग नेहमी लागू करा. क्यूटब्राउझरमध्येही शैलीपत्रिकेसाठी वेगळं सेटिंग आहे.

मी वर ज्या ओळीबद्दल लिहिलं तिचं नाव युजर एजंट. एजंट म्हणजे आपल्या वतीने काम करणारा. ब्राउझरने साइटकडे वाचकाचा माणूस म्हणून जायचं, अशी ती कल्पना होती.

किनारा

अवांतर: खासगीपणासाठी अनोळखी ब्राउझर घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. वेगळा ब्राउझर, वेगळे टाइप, दहा एक्स्टेन्शन या सगळ्याची मिळून एक खूण तयार होते आणि साइटला तुम्ही गर्दीत वेगळे दिसता. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर याच्या बरोबर उलट जातो. त्यातले सगळे वापरकर्ते एकसारखे दिसावेत म्हणून खिडकीचं मापसुद्धा ठरावीक पायऱ्यांत ठेवतो. त्यात टाइप, एक्स्टेन्शन बदलत बसू नये. झुळूक यांनी मात्र या भीतीने आपले टाइप सोडू नयेत. वाचता येणं आधी.

रानवाट

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. @गवताचंपातं यांचा मुद्दा मनात राहिला होता. मी सहा वर्षं स्वतःला वेगळं काही वापरणारी समजत होते आणि साइटच्या बाजूने पाहिलं तर मी क्रोमच होते. म्हणून तीन आठवडे सगळं काम फायरफॉक्सवर नेलं.

वाचन तिथे जास्त चांगलं होतं, हे कबूल करते. वाचन-दृश्य नीट चालतं आणि दिवाकंदील यांनी सांगितलेली पत्रिका मीही ठेवली. तीन ओळी लिहिल्या आणि चिकटून राहणाऱ्या पट्ट्या सगळ्या साइटवरून गेल्या. अडले मी दोन ठिकाणी. पानं शेजारी मांडायला दोन खिडक्या उघडाव्या लागत होत्या, आणि प्रत्येक नव्या जोडीला मांडणी पुन्हा करायची. टिपणांसाठी तीन एक्स्टेन्शन पाहिली, उताऱ्यासोबत पत्ता ठेवणारं एक मिळालं, पण ते टिपणं आपल्या सर्व्हरवर ठेवत होतं. ते मला नको होतं.

सध्या अशी वाटणी केली आहे: तपासणीचं काम विवाल्डीत, बाकी वाचन आणि शोध फायरफॉक्समध्ये. कॉम्प्युटरचा डिफॉल्ट फायरफॉक्स केला. मेलमधले दुवे आता तिथे उघडतात.

@झुळूक, तुमचं जमलं का?

झुळूक

जमलं. खुणा काढून आणि रंग लावून पहिल्याच दिवशी झालं. काही साइटवर बटणांची चिन्हं दिसेनाशी झाली, चौकोन येतात, कारण ती चिन्हंही टाइपमधूनच येतात. दिवाकंदील यांना विचारून फाइलमध्ये चिन्हांपुरती सूट लिहिली, तेव्हा तीही परत आली. हा अख्खा धागा आज पहिल्यांदा भिंग न घेता वाचला.

दिवाकंदील

@झुळूक, ती सूट इथे मांडून ठेवा. पुढे कोणी शोधत आलं तर सापडेल.